पुस्तक आधी वाचा, मग समई लावा

निमंत्रण मोबाइलवर येते. वर सरस्वतीचे चित्र, त्याखाली अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, दोन सन्माननीय अतिथी, एक भाष्यकार, एक सूत्रसंचालिका. लेखकाचा फोटो कोपऱ्यात. पुस्तकाचे नाव, मी मोजले आहे, सातव्या ओळीत. गेल्या दिवाळीपासून पणजीत, फोंड्यात आणि पर्वरीच्या मराठी भवनात मिळून अशा अकरा समारंभांना मी जाऊन आलो. अकरा पुस्तके घरी आणली. त्यांत सात कवितासंग्रह, दोन आठवणींची, एक ललित लेखांचे आणि एक गावाच्या इतिहासाचे. अकराही लेखकांनी पदरचे पैसे घालून छापलेली.

मी पस्तीस वर्षे एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होतो. निवृत्त झालो तरी हात निवृत्त होत नाही. व्यासपीठावर भाषणे चालू असतात आणि मी खाली बसून पुस्तक उघडतो, खिशातली पेन्सिल काढतो. एकदा शेजारच्या बाई कुजबुजल्या, "काका, इथे तरी नको." पेन्सिल ठेवली, पण तोवर अर्पणपत्रिकेतली चूक सापडली होती. लेखकाने आईला पुस्तक अर्पण केले होते आणि आईच्या नावातली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली होती.

गोव्यात मराठीत स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याला आज छपाईची हवी तेवढी सोय आहे, पण त्याच्या पुस्तकावर छपाईआधी बसणारा माणूस नाही आणि छपाईनंतर ते मागणारी व्यवस्था नाही. आपला सगळा पैसा, लेखकाचाही आणि सरकारचाही, मधल्या दोन गोष्टींवर संपतो: छपाई आणि समारंभ. तो दोन टोकांना गेला पाहिजे, हे माझे म्हणणे आहे. लेखकांना ते टोचेल, आयोजकांना जास्त टोचेल, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या अकरांतले गावाच्या इतिहासाचे पुस्तक एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे आहे. गाव जुवारी नदीच्या काठचा. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणतो. एकशे अठ्ठावीस पाने, म्हणजे सोळा पानी आठ फर्मे. खाजन शेती, बांध फुटला की रात्री वाजायचा तो ढोल, कुळ आणि भाटकार, म्हणजे जमीनमालक, यांच्यातला व्यवहार, देवळाचे मानकरी, गावात आलेली पहिली बस. हे सगळे त्यांच्याखेरीज कोणी लिहिले नसते. त्यांच्यानंतर कोणाला लिहिता आले नसते. हस्तलिखित त्यांनी बाहेरगावच्या एका छापखान्याला दिले. तिथे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, झाली, तिथेच कोणीतरी 'शुद्धलेखन तपासले', आणि तीनशे प्रती टेम्पोने आल्या.

आता खाजन म्हणजे काय ते ज्याने पाहिले नाही त्याच्यासाठी सांगायला हवे. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला मातीचा बांध घालतात आणि त्या बांधात लाकडी दारांची मोरी बसवतात. तिला आपल्याकडे मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढले की दार आपल्याआपण मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. त्या तोंडाशी जाळे लावले की मासळी मिळते, म्हणून मानशीवरच्या मासेमारीचा दरवर्षी लिलाव होतो. मास्तरांनी हे सगळे पान सत्तेचाळीसवर फार बारकाईने लिहिले होते.

छापखान्यातल्या कोणा सुज्ञाला मानस ठाऊक नव्हती. त्याला वाटले, मास्तरांचा 'ण' चुकला. त्याने सगळ्या 'मानशी' बदलून टाकल्या. छापील पुस्तकात आता असे आहे की रात्रीच्या ओहोटीला माणसाचे दार उघडायचे. पुढच्या परिच्छेदात कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकीचे, लोक देवळापुढे जमत आणि तिथे दरवर्षी माणसाचा लिलाव होई.

मी हसलो, मग हसू आवरले. पोर्तुगीज काळात गोव्यात गुलामांची खरेदी-विक्री होत होती, हे इतिहासात आहेच. उद्या कोणी अभ्यासक हे पान उचलून आमच्या गावात अमुक सालापर्यंत माणसांचा लिलाव चाले, असे तळटीप देऊन लिहील. त्याची चूक नसेल. त्याच्यापुढे छापील पुरावा असेल.

मास्तरांनी मला हिशेबाचा कागद दाखवला. छपाई चौतीस हजार. समारंभ सव्वीस हजार: सभागृह, बॅनर, सहा शाली, सहा श्रीफळे, सहा स्मृतिचिन्हे, पुष्पगुच्छ, चहा-बटाटवडा, व्हिडिओवाला. मुद्रितशोधनाच्या पुढे आडवी रेघ. संपादन हा शब्दच कागदावर नव्हता. एकूण साठ हजारांत ज्या माणसाला मानस ठाऊक आहे अशा कोणाला चार हजार दिले असते, तर पान सत्तेचाळीस वाचले असते.

यावरून कोणी म्हणेल, मग स्वतः छापूच नये, पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या प्रकाशकाकडे द्यावे. हे मला मुळीच म्हणायचे नाही. गोव्याच्या माणसाने तर ते म्हणूच नये. आशिया खंडातला युरोपीय पद्धतीचा पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात उतरला, तोही निघाला होता अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, आणि अडकला इथे. हे आपण अभिमानाने सांगतो. पुढचे सांगत नाही. त्या छापखान्यावर धर्मसत्तेच्या परवानगीवाचून काही छापता येत नव्हते. गोव्यातल्याच रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचे ख्रिस्तपुराण छापले गेले, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्या मराठी ओव्या रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत असे स्टीफन्सला फार वाटत होते, पण अक्षरांचे साचे शेकड्यांनी लागणार म्हणून ते राहून गेले. पुढे १६८४ मध्ये तर लोकांनी आपली भाषाच सोडावी असा फतवा निघाला. छपाई थांबली ती थेट १८२१ पर्यंत. छापखाना सगळ्यांच्या आधी आला आणि जवळजवळ दीडशे वर्षे गप्प राहिला, असा आपला इतिहास.

विसाव्या शतकातही फार वेगळे नव्हते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापण्याआधी मजकूर तपासला जाई, म्हणून इथला मराठी लेखक मुंबईला पाठवी, पुण्याला पाठवी, कित्येक तर स्वतःच तिकडे गेले. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२च्या मार्चमध्ये दैनिक गोमन्तक निघाले, तेव्हा कुठे घरच्या घरी मराठी छापून वाचायची सवय लागली. पण पुस्तकाचे मात्र अजून तेच: पुण्याचा शिक्का बसला की ते खरे पुस्तक. हा शिक्का ज्यांनी नाकारला, त्यांचे मला कौतुकच आहे. मराठीत साठोत्तरी लघुनियतकालिकवाल्यांनी हेच केले होते, सायक्लोस्टाइलवर आणि उधारीच्या कागदावर. गोव्यात इंग्रजीच्या बाजूला फ्रेडरिक नोरोन्हा यांनी स्वतंत्र प्रकाशन काढले आणि त्याचे नावच 'गोवा १५५६' ठेवले. त्या नावातला टोमणा मला आवडतो.

म्हणजे भांडण स्वातंत्र्याशी नाही. प्रकाशकाला बाजूला सारताना आपण त्याची कोणती कामे अंगावर घेतली आणि कोणती वाऱ्यावर सोडली, याचा हिशेब मांडायचा आहे.

चांगला प्रकाशक चार कामे करी. निवड करी, संपादन करवून घेई, पैसा घाली आणि पुस्तक दुकानापर्यंत पोचवी. स्वतः छापणारा लेखक यातला पैसा घालतो. तेवढेच. बाकीची तीन कामे कोणीच करीत नाही. आणि ती होत असल्याचा भास विकणारी एक नवी जमात उभी राहिली आहे. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपन्या, त्यांची रौप्य, सुवर्ण, हिरक पॅकेजे. सुवर्णमध्ये आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोफत, हिरकमध्ये लेखकाच्या मुलाखतीचा व्हिडिओ. माझ्या ओळखीच्या एका नवकवयित्रीने सुवर्ण घेतले. पॅकेजात 'व्यावसायिक संपादन' होते. प्रत्यक्षात काय झाले, तर तिच्या कवितांच्या ओळी संगणकाने पानाच्या रुंदीनुसार मोडल्या. तिने जिथे श्वास घेतला होता तिथे ओळ चालूच राहिली, आणि जिथे घेतला नव्हता तिथे तुटली. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, ही माझी कविताच नव्हे." मी काय बोलणार? पैसे आगाऊ भरलेले होते.

आयएसबीएनविषयी तर एवढे गैरसमज आहेत की त्यावर स्वतंत्र लेख होईल. तो क्रमांक म्हणजे पुस्तकाचे आधार कार्ड. पुस्तक बरे की वाईट, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, ऑनलाइन अर्ज करता येतो, लेखकाला स्वतःच्या नावानेही मिळतो आणि फुकट मिळतो. तरी 'आयएसबीएनसह' या शब्दावर हजारो रुपये मोजणारे लेखक मी पाहिले आहेत. उलट जे कायद्याने करायचे, ते कोणी करीत नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत त्याची एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापणाऱ्यालाही ते लागू आहे. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण भितो! पण मुद्दा दंडाचा नाही. त्या चार प्रती गेल्या की तुमचे पुस्तक या देशात होते, याची खूण कुठेतरी राहते. पाचवी प्रत मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात द्यायला सांगतो. १८३२ पासूनचे ग्रंथालय आहे ते. ज्याचे नाव त्याला दिले आहे त्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये कृष्णकथा ओव्यांत रचली, तेव्हा गोव्यात छापखाना यायला अजून तीस वर्षे होती. कोणीतरी ती उतरवून घेतली म्हणून आपल्याला ठाऊक. पुस्तक जगते ते असे.

आता प्रकारांकडे येतो. स्वतः छापायचा खरा फायदा हा, की ज्याला बाजार नाही असेही लिहिता येते. पुण्याचा प्रकाशक खाजनावरचे पुस्तक घेणार नाही, त्याची कारणे त्याच्यापुरती बरोबर आहेत. म्हणून एका गावाचे, एका देवळाचे, एका नाटकमंडळीचे, धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या मांडाचे, एखाद्या घराण्याच्या पाककृतींचे पुस्तक हे स्वतंत्र लेखकाचे हक्काचे रान. पण आमच्याकडे येतात ते कवितासंग्रह. माझे कवितेशी वैर नाही, बोरकरांच्या मुलखात राहून ते परवडणारही नाही. पण सात संग्रहांतल्या पाचांत समुद्र, पाऊस, आई आणि 'तू' याच क्रमाने येतात, तेव्हा माणूस अनुक्रमणिकेवरच थांबतो.

आणि गोष्टी सांगणारे कुठे गेले? रहस्यकथा, भयकथा, मुलांच्या गोष्टी? डिचोली-सत्तरीत खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे एका फटक्यात बंद केले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले, बार्जवरची पोरे घरी आली. कादंबरीवाल्याने आणखी काय मागावे? एखाद्या बंद खाणीच्या खड्ड्यातल्या हिरव्या पाण्यात प्रेत सापडते, इथून सुरू होणारी कथा माझ्या टेबलावर अजून आलेली नाही. आली तर मी ती फुकट तपासून देईन, हे इथे लिहून ठेवतो.

वाचक नाहीत, हे उत्तर मला ऐकवू नका. मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीवर आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर शिक्के पडतात. ती चिठ्ठी खोटे बोलत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या आमच्याकडे उरलेल्या पाच-सहांना सेलोटेपची पट्टी लावलेली आहे आणि प्रत्येकीची चिठ्ठी तीनदा बदलली आहे. शेजारच्या कपाटात लेखकांनी 'सप्रेम भेट' दिलेली पुस्तके आहेत. सुंदर मुखपृष्ठे, जाड कागद, चिठ्ठी कोरी. मास्तरांचे पुस्तक मात्र आठ महिन्यांत एकोणीस वेळा गेले, त्या सगळ्या चुकांसकट.

२०११च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे एक लाख अठ्ठावन्न हजारांच्या वर होते, साधारण अकरा टक्के. पण इथे हा आकडा फसवा आहे. घरी कोंकणी बोलणारी आमच्यासारखी हजारो माणसे सकाळी मराठी पेपर वाचतात, भजनात मराठी म्हणतात, जत्रेला मराठी संगीत नाटक करतात. बोलायची एक आणि वाचायची दुसरी, ही आपली जुनी रीत. १९८७च्या राजभाषा कायद्याने या दोन्हींची जागा ठरवली, त्यावर पुन्हा वाद घालायची ही जागा नव्हे. कोंकणीत लिहिणारे माझे मित्र सांगतात की त्यांच्याकडेही समारंभाचा हाच रोग आहे. तेवढ्यापुरते तरी आपले एकमत आहे.

वाचक आहेत, मग पुस्तक त्यांच्यापर्यंत जात का नाही? एक कारण वितरक. दुकानाचे आणि त्याचे मिळून छापील किमतीचे चाळीस-पन्नास टक्के जातात, आणि एका लेखकाचे एकच पुस्तक घेऊन फिरायला त्याला परवडतही नाही. दुसरे टपाल. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने बुकपोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा बंद केली, तेव्हा स्वतः पुस्तके पाठवणाऱ्यांचे कंबरडे मोडले होते. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झाले आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, तिथून चढत पाच किलोपर्यंत शंभर. पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव मात्र हवे. मास्तरांचे पुस्तक दोनशे दहा ग्रॅम भरते, मी किराणा दुकानात वजन करून पाहिले. म्हणजे वीस रुपयांच्या दरात बसते. ही गोष्ट किती लेखकांना ठाऊक आहे?

तिसरे कारण आपल्या डोक्यात आहे. पुस्तक सभागृहात विकायचे असते, असे आपण धरून चाललो आहोत. डिचोलीचे एक गृहस्थ आपल्या तालुक्यातल्या देवस्थानांवरचे पुस्तक घेऊन जत्रेत बसले. एका बाजूला खाजेवाली, दुसऱ्या बाजूला फुगेवाला, मध्ये हे, टेबलावर पन्नास प्रती. लोक त्यांना म्हणाले, लाज नाही वाटत? रात्री दोनपर्यंत सदतीस प्रती गेल्या. पंचांग, आरत्यांची पुस्तके, पोथ्या आपल्याकडे जत्रेतच विकल्या जात आल्या. त्यांचे प्रकाशन कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

ई-पुस्तक हा सोपा मार्ग, असे तरुण सांगतात. खरे आहे, किंडलवर २०१६ पासून मराठी चालते. पण इथल्या डीटीपीवाल्यांचे बरेच काम अजून जुन्या फॉन्टांत. त्यातून युनिकोडात, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरप्रणालीत, आणताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो आणि जोडाक्षरे फुटतात. लेखकाकडे छपाईची पीडीएफ असते, मूळ फाइल डीटीपीवाल्याकडे, आणि डीटीपीवाला फोन घेत नाही. नव्या लेखकाला माझा सल्ला एवढाच: पहिल्या दिवसापासून युनिकोडात लिहा आणि शेवटची दुरुस्त फाइल हातात मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता सरकारकडे वळतो. पुस्तकाला अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छपाईचे बिल येते. बिल जोडा, प्रत जोडा, रक्कम घ्या. असे अनुदान पुस्तकाच्या जन्माला मिळते, त्याच्या आयुष्याला नाही. लेखकाला पैसे मिळाले की विकायची निकड संपते. प्रती माळ्यावर जातात आणि वाळवीला साहित्याची गोडी लागते. मला विचाराल तर छपाईचे अनुदान एका रुपयानेही वाढवू नये. त्यातला काही भाग काढून संपादनासाठी ठेवावा. लेखकाने आपला संपादक स्वतः निवडावा, त्याचे बिल अनुदानातून जावे, आणि संपादकाचे नाव पुस्तकाच्या श्रेयपानावर छापणे सक्तीचे असावे. नाव छापले की माणूस जपून काम करतो, हे मी पस्तीस वर्षे बिननावाने काम करून सांगतो आहे.

यावर एका कवीमित्राने मला झाडले. तो म्हणाला, "सरकारी पैशाचा संपादक म्हणजे सेन्सॉर. तुला पुन्हा तो पोर्तुगीज तपासनीस आणायचाय का?" आक्षेप वजनदार आहे, आणि आताच मी जो इतिहास सांगितला त्यानंतर तो मला लागलाही. पण तपासनीस लेखकावर लादलेला असतो आणि नको ते काढतो. संपादक लेखकाने बोलावलेला असतो, त्याची सूचना झुगारायचा हक्क लेखकाकडे राहतो. धोका आहे तो नेमणुकीत. सरकारने संपादकांची मान्यताप्राप्त यादी केली की मित्राचे भाकीत खरे ठरेल. म्हणून यादी नको, फक्त बिल.

दुसरा भाग वाचनाच्या टोकाला. गोव्यात १९९३चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या जोडीने ग्रंथालयांना पुस्तके मिळवून देते. सोयी आहेत. पण गावच्या वाचनालयाला काय येते? वर कुठेतरी निवडलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. आमच्याकडे एकदा एकाच कवितासंग्रहाच्या चार प्रती आल्या. गावात कवी दोन, वाचक शून्य. त्याऐवजी प्रत्येक वाचनालयाला दरवर्षी थोडी रक्कम द्यावी, गोव्यातल्या लेखकांची पुस्तके वाचनालयाने स्वतः निवडून घ्यावीत, आणि दुसऱ्या वर्षीची खरेदी त्या तारखेच्या चिठ्ठ्या बघून व्हावी. यात गैरप्रकार होतील का? होतील. लेखकाचा मेहुणा खोटे शिक्के मारील. मारू दे. निदान त्यासाठी त्याला वाचनालयाची पायरी चढावी लागेल.

राहता राहिले परीक्षण. गोवा लहान, इथे सगळे सोयरे. ज्याने प्रस्तावना लिहिली तोच समारंभात भाष्यकार, आणि पुढच्या रविवारी पुरवणीत 'पुस्तक परिचय' त्याचाच. मीही याला अपवाद नाही. त्या अकरांपैकी तिघांनी मला 'कसे वाटले' म्हणून विचारले आणि मी तिघांनाही "छान आहे" म्हणालो. एकट्या मास्तरांना खरे सांगितले, तेही त्यांनी स्वतः पान सत्तेचाळीस उघडून पुढे केले म्हणून.

तीनशेपैकी दीडशे-साठ प्रती समारंभात आणि नात्यागोत्यात गेल्या होत्या. उरलेल्या एकशे चाळीस मास्तरांच्या पलंगाखाली. मी म्हटले, शुद्धिपत्र छापू. ते म्हणाले, "चिटोरे गळून पडते, बाब. पेनाने करूया." रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघे बसलो: मास्तर, त्यांची नववीतली नात आणि मी. एका पानावर सहा ठिकाणी. 'माणसाचे' वर आडवी रेघ, वर बारीक अक्षरात 'मानशीचे'. निळी शाई दिसू नये म्हणून काळी बॉलपेने आणली होती. नात पहिल्या वीस प्रतींनंतर कंटाळेल असे वाटले, पण तिने मध्येच विचारले, "आजो, ही मानस अजून आहे?" मास्तरांनी पेन खाली ठेवले आणि तिला घेऊन बांधाकडे गेले. मी एकटा प्रती करीत राहिलो.

ते परतले तेव्हा मी ब्याऐंशीव्या प्रतीवर होतो, आणि मला पान अठ्ठेचाळीसवर आणखी एक सापडली होती. 'कुळागर', म्हणजे माड-पोफळीची बाग, त्याचे 'कुलागार' झालेले. मी पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा वर केला, वाचले, आणि नातीच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत म्हणाले, "तें आसूं दी. दुसऱ्या आवृत्तीक."